माशांच्या पेटीची घडवंची



माझे नाव जाहीर झाले तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांनी असे धरले असेल की, हा मनुष्य बोनसवर बोलेल, किमान वेतनावर बोलेल, फार तर कंत्राटी कामगारांवर बोलेल. तीस वर्षे युनियनच्या कचेरीत काढलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करावी? पण मी चालकांना विषय कळवला तो हा, आणि त्यांनी तो फारशी कुरकुर न करता छापला, याबद्दल त्यांचे आभार मानतो. विषय थट्टेचा नाही. घरात काचेची मोठी पेटी आणून तीत मासे पाळण्याची हौस आता आपल्या गावातही चांगली रुजली आहे. त्या पेटीखाली जी लाकडी बैठक लागते आणि पेटीवर जे लाकडी छत लागते, ते कसे करावे आणि ते करणाऱ्याचे म्हणणे किती ऐकावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

'घडवंची' हा शब्द मी मुद्दाम घेतला. आमच्या आजीच्या पिढीपर्यंत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाण्याचे घडे, हंडे ठेवण्याचे लाकडी तिवईवजा बैठे साधन असे, त्याला घडवंची म्हणत. दुकानदार आज ज्याला 'स्टँड' किंवा 'कॅबिनेट' म्हणतो, ती दुसरे तिसरे काही नसून घडवंचीच आहे. फरक इतकाच की, जुन्या घडवंचीवर दोन-तीन हंडे असत आणि हिच्यावर अख्खी विहीर बसते.

मी स्वतः सुतार नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण रात्रशाळेत, सार्वजनिक वाचनालयात आणि मुख्यतः कामगारांच्या पंगतीत झाले. आमच्या युनियनमध्ये सुतार आहेत, पॉलिशवाले आहेत, लाकडाच्या वखारीतले करवतवाले आहेत. त्यांच्या तक्रारी समजून घ्यायच्या तर त्यांचे काम समजून घ्यावे लागते. मालकापुढे बसून 'आमच्या माणसाची चूक नाही' असे म्हणण्यापूर्वी ती का नाही, हे आपल्याला ठाऊक असावे लागते. त्या निमित्ताने मी लाकडाचे थोडे गणित शिकलो. गणित सोपे आहे, आणि आज संध्याकाळी ते आपण सर्वांनी मिळून करू.

एक मोठी पेटी डोळ्यांपुढे आणा. लांबी पाच फूट, रुंदी दोन फूट, उंची दोन फूट. बाहेरून मोजली तर ती वीस घनफूट भरते. घनफुटाला सव्वाअठ्ठावीस लिटरांहून किंचित अधिक पाणी मावते. काचेची जाडी, वरचे रिकामे ठेवलेले दोन इंच, तळाच्या वाळूने व्यापलेली जागा हे सारे वजा केले तरी साडेचारशे लिटरच्या आसपास पाणी उरते, आणि एका लिटरचे वजन एक किलो. बारा मिलिमीटर जाडीची काच शंभर किलोच्या थोडी वरच जाते. तळाला दोन इंच वाळू पसरली तर तिचे पाऊणशे किलो. शोभेचे दगड पंचवीस-तीस किलो. शिवाय घडवंचीचे आणि छताचे स्वतःचे वजन. बेरीज सातशे किलोच्या वर जाते. म्हणजे एका माणसाच्या पथारीएवढ्या जागेत दहा-अकरा धडधाकट माणसे उभी राहिली आहेत, आणि ती रात्री घरी जात नाहीत, दिवाळीला गावी जात नाहीत, वर्षानुवर्षे तेथेच उभी आहेत.

ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. लग्नात एखाद्या बाकावर आठ माणसे बसली आणि बाक टिकला, तर आपण म्हणतो बाक मजबूत आहे. पण लाकडाचा स्वभाव असा की, क्षणभर सोसलेला भार आणि सतत सोसलेला भार त्याला सारखा नसतो. सततच्या भाराखाली लाकूड पहिल्या दिवशी वाकते त्याहून पुढे, महिन्यामहिन्याने, हळूहळू आणखी वाकत जाते. भार काढला तरी त्यातला काही बाक कायमचा राहतो. पुस्तकांचे जुने कपाट रिकामे करून पाहा, फळीचे पोट खाली गेलेले दिसेल. पुस्तकांना त्याचे काही वाटत नाही. काचेला वाटते.

काचेला ते का वाटते, यासाठी थोडे मागे जावे लागेल. माशांना काचेत ठेवून लोकांना दाखविण्याचे पहिले सार्वजनिक मत्स्यालय लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली उघडले, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाच्या पुस्तकाने 'अक्वेरियम' हा शब्द इंग्रजी घराघरांत नेला. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडले. आमच्या वडिलांच्या पिढीने मुंबईची सहल केली की राणीची बाग आणि हे मत्स्यालय पाहिल्याखेरीज ती परतत नसे. त्या काळच्या घरगुती पेट्या लोखंडी अँगलच्या चौकटीच्या असत. चौकटीत काच बसवून लांबीने सांधे बुजवीत. ती चौकट स्वतःच ताठ असे, चार कोपऱ्यांवर टेकली तरी भागे. १९६० नंतरच्या दशकात सिलिकोनचा चिकटा आला आणि लोखंडी चौकट गेली. आता काचेला काचच चिकटवतात. पेटी सुंदर झाली, चारी बाजूंनी स्वच्छ दिसू लागली. पण जो ताठपणा पूर्वी पेटीच्या अंगात होता, तो आता तिच्या खालच्या बैठकीकडून घ्यावा लागतो. काचेला दाब पुष्कळ सोसतो, वाकणे सोसत नाही. बैठक एका कोपऱ्यात दोन सूत खाली गेली तर काच तिच्यामागे वाकत जाणार नाही. ती एक दिवस तडकेल, नाही तर सांध्यातला चिकटा सुटेल.

आता भार खाली कसा जातो ते पाहू. व्याख्यानाचा गाभा येथे आहे, तेव्हा मागच्या बाकांवरच्या मंडळींनीही थोडे इकडे लक्ष द्यावे.

पाण्याचा भार पेटीच्या तळावर, तळाचा वरच्या फळीवर, फळीचा वरच्या चौकटीवर, चौकटीचा पायांवर आणि पायांचा जमिनीवर. ही उतरंड अखंड लाकडाची असली पाहिजे. लाकडावर लाकूड टेकले पाहिजे. वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे, किंवा पायात खाच पाडून त्या खाचेत तिचा खांदा टेकला पाहिजे. घाईच्या कामात काय होते? दोन फळ्या उभ्या करतात, त्यांच्या मध्ये चौकटीची आडवी पट्टी धरतात आणि बाहेरून चार स्क्रू मारतात. दिसायला सांधा घट्ट. पण पट्टीखाली लाकूड नाही. सातशे किलो त्या स्क्रूंवर लटकलेले असतात. स्क्रू हा पकडणारा हात आहे, भार वाहणारा खांदा नव्हे. हमाल पोते खांद्यावर घेतो आणि हाताने नुसते सावरतो. हातावर पोते धरून तो धक्क्यापासून गोदामापर्यंत चालत नाही. पार्टिकल बोर्डासारख्या भुसा दाबून केलेल्या फळीत तर हा हातही कच्चा असतो. पाण्याचे चार थेंब गेले की ती फळी फुगते आणि स्क्रूभोवतीचा भुसा मोकळा होतो.

बरे, पाय किती जाड हवेत? येथे गंमत आहे. गिऱ्हाईक येतो आणि म्हणतो, 'मिस्त्री, पाय चांगले जाडजूड घाला.' वस्तुतः दोन इंची चौरस, सरळ, नीट वाळलेल्या सागवानाचा एक पाय नुसत्या उभ्या दाबात या सगळ्या पेटीचे वजन पेलू शकतो. पायांची जाडी ही घडवंचीची अडचण सहसा नसतेच. मी तरी अडीच इंची घेतो, कारण खाच पाडल्यावर लाकूड उरले पाहिजे. घडवंच्या ज्या बिघडतात त्या दोन कारणांनी: वरचा आडवा दांडा वाकतो, किंवा सगळी घडवंची आडवी कलते.

दांड्याचे वाकणे समजून घेण्यासारखे आहे. दोन इंच बाय चार इंचाचा दांडा घ्या. तो पालथा, म्हणजे चार इंची बाजू जमिनीला समांतर ठेवून लावला, तर उभ्या धारेवर लावलेल्या त्याच दांड्यापेक्षा चौपट वाकतो. लाकूड तेच, पैसे तेच, खिळा मारणारा हात तोच. नुसते उभे करण्याने चौपट ताठपणा मिळतो. जाडी कायम ठेवून उंची दुप्पट केली तर वाकणे आठपट कमी होते. आणि या सगळ्यांहून मोठी गोष्ट: मध्ये एक पाय द्या. पाच फुटांचा पल्ला अडीच-अडीच फुटांचा झाला की, फुटामागे भार तोच असताना, वाकणे सोळापट कमी होते. सोळापट! एका पायाला लाकूड किती लागते? अडीच फूट. सुताराचे काम किती वाढते? फार तर अर्धा दिवस.

त्या अर्ध्या दिवसाचीच एक हकीकत सांगतो. एका फर्निचरच्या कारखान्यात एका उपाहारगृहासाठी सहा फुटी पेटीची बैठक करावयाची होती. आराखडा सजावटकाराने काढला होता. समोरून अखंड गुळगुळीत दर्शनी बाजू, मध्ये एकही पाय नाही, आत पार्टिकल बोर्ड. कारखान्यातला सुतार जुना, पन्नाशीचा. तो सजावटकाराला म्हणाला, "साहेब, मध्ये एक पाय देऊ द्या." सजावटकार म्हणाला, "मिस्त्री, पाय आला की दाराच्या मध्ये रेघ आली. मला रेघ नको." सुताराने मालकाकडे पाहिले, मालकाने घड्याळाकडे. बैठक रेघेवाचून तयार झाली. सात-आठ महिन्यांनी एका रात्री, दुकान बंद झाल्यावर, पेटीच्या तळाची काच तडकली. माणूस कोणी नव्हता हे नशीब. सकाळी फरशीवर पाणी आणि मेलेले मासे. उपाहारगृहाने कारखान्याकडे भरपाई मागितली, आणि कारखान्याच्या मालकाने ती सुताराच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापावयास सुरुवात केली.

प्रकरण माझ्याकडे आले. मी घोषणा दिल्या नाहीत. एक दोरी मागितली. ती बैठक अजून तेथेच भिंतीशी होती, पेटी काढलेली होती. वरच्या दांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून धरली. भार उतरून आठवडा लोटला होता तरी दांडा मधोमध दोरीच्या दोन सूत खाली होता. आतल्या बाजूने पाहिले तर बोर्डातली स्क्रूची भोके लांबट झालेली. मालक समजूतदार होता, हे मी कबूल करीन. दोरी पाहून तो गप्प बसला. कापलेले पैसे परत मिळाले. पण मी ज्याला खरी मिळकत समजतो ती निराळी. त्या कारखान्यात नियम झाला की, कामाच्या कागदावर सुताराचा आक्षेप असेल तर तो लिहून घ्यावयाचा, आणि तो नाकारणाऱ्याने त्याखाली सही करावयाची. नियम झाल्यापासून आक्षेप फारच थोडे नाकारले गेले. सही करावयाची म्हटली की माणसाला मधला पाय एकाएकी सुंदर दिसू लागतो.

दुसरे कारण कलण्याचे. चार पाय आणि वर चौकट एवढेच असेल तर ती वस्तू वरून कितीही भार घेईल, पण बाजूने धक्का लागला तर समांतरभुज चौकोनासारखी आडवी होऊ पाहील. लहान मूल पेटीला लोंबकळले, मोलकरणीने झाडताना टेकू घेतला, तरी एवढा धक्का पुरतो. चौकोन आकार बदलू शकतो, त्रिकोण बदलू शकत नाही, हे शाळेतल्या भूमितीतले आपल्याला आठवत असेल. म्हणून एक तर कोपऱ्याला तिरपी पट्टी द्यावी, किंवा पाठीला आणि दोन्ही बाजूंना बारा मिलिमीटरचे प्लायवुड चिकटवून आणि स्क्रूने आवळून लावावे. भोके पाडावयाची, नळ्या न्यावयाच्या, म्हणून पाठीचे प्लायवुड काढूनच टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. नळीपुरते भोक जरूर पाडा. पाठ काढू नका. येथे मात्र स्क्रू आणि सरस यांचे खरे काम आहे. भार लाकडाने वाहावा आणि आकार प्लायवुडाने राखावा.

लाकूड कोणते, हा प्रश्न मला हमखास विचारतात. सागवान उत्तम, पण महाग. पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान वखारीत मिळते. पन्नास-शंभर वर्षे वाळलेले लाकूड असते ते, त्याचा हात धरणारे नवे लाकूड विरळा. फक्त करवत लावण्यापूर्वी त्यातले जुने खिळे शोधून काढावेत, नाही तर करवतवाला आपले नाव काढील. हलके पाइनही चालते, पण ते सागापेक्षा नरम, म्हणून दांडे अधिक उंच घ्यावेत आणि गाठी पाहून घ्याव्यात. ओले लाकूड मात्र कोणतेही घेऊ नये. ते घरात वाळताना पीळ खाते, आणि घडवंचीला पीळ बसणे म्हणजे काचेला पीळ बसणे. प्लायवुड घेताना भारतीय मानकाचा शिक्का पाहावा. ७१० क्रमांकाच्या मानकाचे ते सागरी, पाण्याला पक्के. ३०३ क्रमांकाचे साधारण वापराचे, त्यात ओल सोसणारे आणि उकळते पाणी सोसणारे असे दोन दर्जे असतात. दुकानदार 'वॉटरप्रूफ आहे' असे तोंडाने सांगतो. तोंडाला शिक्का नसतो. दारांना चारी बाजूंनी एक-एक सूत फट सोडावी. श्रावणात घराची दारे कशी फुगून अडकतात हे आपल्याला ठाऊक आहेच, आणि हे दार तर सदा पाण्याखालीच राहणार.

आता वरचे छत. कारागीर याला 'कॅनॉपी' म्हणतात. लोक याला निव्वळ शोभा समजतात, आणि म्हणून सगळे पैसे घडवंचीवर संपले की उरल्यासुरल्या फळ्यांचे छत होते. छताची कामे पुष्कळ आहेत. ते दिवा धरते. डोळ्यांवर येणारा उजेड झाकते आणि पाण्यावर पाडते. धूळ अडवते. मासे उडी मारतात, कित्येक जातींना तर उडीचा छंदच असतो, त्यांना ते आत ठेवते. आणि घरात मांजर असेल तर त्याच्या नजरेतून छताची निराळीच उपयुक्तता आहे.

छत आठ ते दहा इंच उंच असावे, म्हणजे दिवा पाण्यापासून पुरेसा वर राहतो. आतल्या बाजूने चारी कडांना एक पट्टी ठोकावी आणि त्या पट्टीने छत पेटीच्या काठावर बसावे. दर्शनी फळी मात्र इंचभर खाली उतरावी, म्हणजे पाण्याची रेघ झाकली जाते. छताचा भार पेटीच्या मध्यभागी आडव्या लावलेल्या काचेच्या पट्टीवर कदापि येऊ देऊ नये. ती पट्टी भार वाहण्यासाठी नसते. पाणी भरलेले असताना लांबीच्या एकेका काचेला आतून सव्वादोनशे ते अडीचशे किलोच्या जोराने बाहेर ढकलीत असते, आणि त्या दोन काचांना एकमेकींशी धरून ठेवण्यासाठी ती पट्टी असते. तिच्या अंगावर आणखी ओझे घालणे म्हणजे पहाऱ्यावरच्या शिपायाकडून स्वयंपाक करून घेणे.

झाकण पुढून उघडावे, बिजागरी मागे किंवा मधोमध असावी. उघडे झाकण टेकविण्यासाठी एक दांडकी हवी. एका हाताने झाकण धरून दुसऱ्या हाताने मासे खाऊ घालणारा माणूस आठ दिवसांत मासे खाऊ घालण्याचे टाळू लागतो. पाठीमागे लांबच्या लांब मोकळी जागा ठेवावी. तिच्यातून वाफ जाते, दिव्याची उष्णता जाते, नळ्याही जातात. बंद छतात वाफ कोंडली की फळी भिजते, दिव्याचे जोड गंजतात आणि पाणी उन्हाळ्यात नको तितके तापते. आतून पांढरा रंग द्यावा, त्याने उजेड परत पाण्यावर पडतो. रंग असो वा पॉलिश, छताच्या आत दोन-तीन हात द्यावेत, कापलेल्या कडांना तर आणखी एक, कारण प्लायवुड पाणी पिते ते कडेने. मग ते छत उघड्यावर, वास पूर्ण जाईपर्यंत ठेवावे. वास येत असेपर्यंत ते पेटीवर ठेवू नये.

स्क्रू लोखंडी नकोत, गंजतात. पितळी दिसायला छान, पण पितळेत तांबे असते आणि तांबे पाण्यात उतरले तर माशांना आणि त्याहूनही शंखगोगलगाईंना घातक. पाण्यावर जे छत आहे त्यात स्टेनलेस पोलादाचे स्क्रू आणि बिजागऱ्या वापराव्यात. वाळवीच्या औषधाबद्दल तर हात जोडून सांगतो: घडवंचीला ते मारावयाचे असेल तर पेटी घरात येण्यापूर्वी पुष्कळ आधी मारा आणि वाळू द्या. ही औषधे कीटकांसाठी असतात, पण माशांना त्यांतली पुष्कळशी फार थोड्या मात्रेत मारक ठरतात. घरात वाळवीवाला बोलावला की आधी पेटी झाका आणि हवेचा पंप बंद करा, कारण तो पंप खोलीतली हवाच पाण्यात सोडीत असतो. काम उरकून खोलीत वारा खेळला की मगच तो पुन्हा सुरू करा. हे सारे लवकर आटोपावे. पंप फार वेळ बंद ठेवणेही माशांना बरे नव्हे.

आणि वीज. सुताराचे काम आणि विजेचे काम येथे एकत्र येतात, आणि दोघांमध्ये कोणी बोलत नाही. विजेचा बोर्ड पेटीच्या खाली, घडवंचीच्या आत, पाणी जेथे हटकून ठिबकणार तेथे बसवलेला मी कितीदा तरी पाहिला आहे. बोर्ड बाजूला आणि उंच असावा. प्रत्येक वायर बोर्डात जाण्यापूर्वी एकदा बोर्डाच्या खाली झोका घेऊन मग वर गेली पाहिजे. वायरीवरून ओघळणारा थेंब त्या झोक्याच्या तळाशी गळून पडतो, बोर्डात शिरत नाही. त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असावी. माणसाच्या अंगातून वीज जमिनीत जाऊ लागली की ती क्षणार्धात प्रवाह तोडते. आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी बटणे बंद करावीत. कारखान्यात या गोष्टींसाठी आम्हांला भांडावे लागते. घरात भांडावयाला कोणी नसते, म्हणून तेथे त्या राहून जातात.

घडवंची उत्तम झाली, पण ती उभी कशावर? नव्या सिमेंटच्या इमारतीत राहण्याच्या खोलीची जमीन, भारतीय मानकाप्रमाणे, दर चौरस मीटरला ढोबळ मानाने २०० किलोच्या भारासाठी धरलेली असते. आपल्या पेटीखाली तो भार त्याच्या जवळजवळ चौपट भरतो. याचा अर्थ जमीन खचेल असा नव्हे. तो हिशेब साऱ्या खोलीभर भार पसरलेला धरून केलेला असतो, आणि खोली काही सगळी भरलेली नसते. पण याचा अर्थ असा नक्की की, पेटी खोलीच्या मधोमध ठेवू नये. ती भिंतीलगत, शक्यतो जेथे खाली तुळई किंवा भार घेणारी भिंत आहे तेथे ठेवावी. जुन्या वाड्यात, लाकडी कड्या आणि त्यांवर माती अशा माडीवर, मी पेटी ठेवूच देणार नाही; ठेवावयाचीच तर तळमजल्यावर. माडीचा हट्टच असेल तर आधी जाणत्या इंजिनियराला कड्या दाखवाव्यात, आणि पेटीची लांबी कड्यांना काटकोनात राहील अशी ठेवावी, म्हणजे भार एका कडीवर न येता चार-पाच कड्यांवर वाटला जातो. घडवंचीच्या खालीही वरच्यासारखीच चौकट असावी. सहा पायांची सहा टोके फरशीत रुतण्यापेक्षा लांब दांडा टेकलेला बरा.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा लोखंडी स्टँड घ्यावा. जरूर घ्या. नीट जोडलेला लोखंडी स्टँड मजबूतच असतो. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत त्याला दर वर्षी रंग द्यावा लागेल, इतकेच. मला लाकूड आवडते, आणि माझी माणसे लाकडावर जगतात. माझा पक्षपात मी लपवीत नाही.

एक गोष्ट मला खटकते ती बोलून टाकतो. परदेशी माशाच्या जोडीला गिऱ्हाईक दुकानदार मागेल ती किंमत मोजतो, तेथे घासाघीस करण्याची त्याला लाज वाटते. पण ज्याच्या कामावर ती जोडी आणि खालची फरशी दोन्ही अवलंबून, त्या सुताराने अर्धा दिवस जास्त मागितला की म्हणतो, 'मिस्त्री, शेजारच्याने तर दोन दिवसांत केले.' शेजारच्याकडे जाऊन त्या बैठकीखाली वाकून पाहा. दांडा पायावर टेकलेला आहे, की स्क्रूवर? हे पाहण्याला सुतारकी यावी लागत नाही. बोट घालून पाहिले तरी कळते.

शेवटी पाणी भरण्याचे. घडवंची जागेवर ठेवून पाणसळ लांबीने, रुंदीने आणि कर्णाने लावावी. कमी पडेल तेथे पायाखाली पातळ पाचर सारावी. पेटी आणि फळी यांच्यामध्ये पाचर कधीही नको. अखंड काचेच्या पेटीखाली अर्धा इंच थर्मोकोलची शीट पसरावी, म्हणजे फळीवरचा खडबडीतपणा, एखादा कण, काचेला बोचत नाही. पेटीला खालून प्लॅस्टिकची चौकट असेल तर ती चौकटीवरच टेकावी, तेथे शीट घालू नये. मग एक चतुर्थांश पाणी भरावे आणि थांबावे. आता पाणी हीच पाणसळ. चारी कोपऱ्यांत काठापासून पाण्यापर्यंत पट्टीने मोजावे. फरक निघाला तर पाणी काढून पाचर दुरुस्त करावी, भरलेल्या पेटीखाली हात घालू नये. रात्र जाऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी अर्धी भरावी, पुन्हा मोजावे, आणि वरच्या दांड्याखाली दोरी धरून पाहावी. तिसऱ्या दिवशी पुरी भरावी. सुताराला त्या तिसऱ्या दिवशी बोलवावे, त्याचे उरलेले पैसे त्याच दिवशी द्यावेत, आणि त्याला सहा महिन्यांनी पुन्हा एकदा दोरी लावून पाहण्यासाठी यावयास सांगावे. त्या फेरीची मजुरी वेगळी. मासे त्यानंतर पुष्कळ दिवसांनी आणावयाचे आहेत, त्यांची घाई नाही.